पऱ्ह्यांची खेप

माझ्या शेवटच्या पोस्टिंगची ऑर्डर कधी निघालीच नाही. मी इंजिनिअर रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, आरमोरीकडच्या आमच्या गावात घर बांधलं, धान करायला लागलो, आणि तिसऱ्या पावसाळ्यात वैनगंगेनं मला परत ड्यूटीवर घेतलं. युनिफॉर्म नव्हता, रेशन नव्हतं आणि माझ्या हाताखालची माणसं माझं ऐकायला बांधील नव्हती. यातली तिसरी गोष्ट सवयीची व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

लोक मला विचारतात, लढाई पाहिली का. सीमेवर गोळीबार पाहिला आहे. पण मला खरी भीती बसली ती पाण्याची. सर्व्हिसमध्ये असताना आमची कंपनी ईशान्येकडे फ्लड रिलीफला गेली होती. तिथे बोटी चालवल्या, माणसं काढली, मेलेली जनावरं ओढली. एक गोष्ट तिथे डोक्यात पक्की बसली. पाणी चढत असतं तेव्हा माणूस जागा असतो. उतरायला लागलं की तो सैल पडतो, आणि उतरतं पाणी ओढ घेतं. आमच्या ओसींचं, म्हणजे कंपनी कमांडरचं, म्हणणं असायचं की पूर गेला असं नदीनं सांगितल्याशिवाय कोणी म्हणायचं नाही. आम्ही हसायचो. पुढे हसणं बंद झालं.

आता आमच्याकडची जमीन सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव उंचावर आहे. समोर मोठा नाला, नाल्यापलीकडे कोसमटोला. दोन्ही गावांना जोडणारा एक रपटा, म्हणजे नाल्याच्या तळातून गेलेला बुटका पूल. नाला दीडेक किलोमीटर खाली जाऊन वैनगंगेला मिळतो. वैनगंगा फुगली की नाल्याचं पाणी आत जाऊ शकत नाही, ते उलटं सरकतं आणि कोसमटोल्याच्या धानात पसरतं. त्या वर्षी वरून धरणाचं पाणी आलं आणि ते आठवडाभर धानावर बसून राहिलं. माणसं वेळेवर आमच्या शाळेत आणली, जीव कोणाचा गेला नाही. पाणी शेतातून निघालं तेव्हा रोवलेलं सगळं धान काळं पडून चिखलाला चिकटलं होतं.

मदत आली. भरपूर आली, आणि मनापासून आली, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी थोडा कुरकुरणार आहे. एका ट्रकमधून कपडे आले. त्यात साड्या होत्या, शाळेचे टाय होते, आणि एक जरीची शेरवानी होती. आमच्या शाळेत राहणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थंडी वाजते म्हणून ती घातली. दोन दिवस सगळी शाळा त्याला नवरदेव म्हणत होती आणि तोही जेवायच्या पंगतीला ऐटीत पहिला बसत होता. बिस्किटांचे पुडे इतके आले की पोरांनी तोंड फिरवलं. हंडे आले, पण झाडू एकही नव्हता. पिण्याचं पाणी बाटल्यांत आलं, आणि विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर कोणाला आठवली नाही.

फौजेत असं होत नाही. तिथे आधी खालून इंडेंट जातो, म्हणजे काय पाहिजे ते युनिट मागतं, मग वरून सामान येतं. इथे सामान आधी येत होतं आणि मग त्याला गरज शोधावी लागत होती. मी वैतागलो होतो. अशात घुग्घुसहून दहा-बारा मोटारसायकली आल्या. कोळसा खाणीतली माणसं, ड्यूटी अदलाबदल करून आलेली. त्यांचा म्होरक्या मल्लेश हा डंपर ड्रायव्हर. घराणं तेलुगू, जन्म घुग्घुसचा, जीभ तेलुगू, हिंदी, मराठी तिन्हींत फिरणारी. कामगारांत वर्गणी काढून त्यांनी लाइफ जॅकेटं, निळ्या नायलॉन दोराची दोन मोठी बंडलं आणि मिरवणुकीत वापरतात तसे छोटे वॉकीटॉकी आणले होते.

गाडी स्टँडवर लावायच्या आधीच मल्लेश म्हणाला, "सुभेदार साब, हे आम्ही अंदाजानं आणलं. आता काय पाहिजे ते तुमी सांगा. आपल्या मनानं आणलं तं कचरा होते."

मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला.

मी त्याला शेवंताबाईकडे नेलं. शेवंताबाई कोसमटोल्याच्या सरपंच. पन्नाशीच्या, आवाज मोठा, आणि रडायला वेळ नाही असा चेहरा. त्या शाळेच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "बाई, इंडेंट द्या. गावाले काय पाह्यजे?"

"धान्य हाय जी," त्या म्हणाल्या. "लोकायनं लई देलं. कपडे तं आता म्हशीच्या अंगावर टाकाव का? मले पऱ्हे द्या."

मल्लेशला कळलं नाही. मी समजावलं. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती एका वाफ्यात दाट पेरतात, वीतभर झाली की उपटून चिखलात रोवतात.

"आमचे पऱ्हे रोवून झाले, अन् रोवलेले सडले," शेवंताबाई म्हणाल्या. "आता बी टाकलं तं महिना जाते. तवरिक पाऊस कुठी रायते? या हप्त्यात हातात पऱ्हे आले तं रोवणा होते, नाई तं आमचं वर्स गेलं. तुमी मले वर्सभर बिस्किट देणार हाय का?"

हा आमच्या सगळ्या मदतकार्यातला पहिला खरा इंडेंट होता. आमच्या भागात शेतकरी पऱ्हे नेहमी गरजेपेक्षा थोडे जास्तच टाकतो, आणि उरले तर शेजाऱ्याला देतो. विकत नाही. विकले तर पुढच्या वर्षी वाफा उगवत नाही असं म्हणतात. उगवतो, पण कोणी विकत नाही. आम्ही उंचावरच्या गावांना निरोप धाडले. ब्रह्मपुरीकडून कॉलेजची पोरं-पोरी आली, गुडघाभर चिखलात उतरून पऱ्हे उपटले, जुड्या बांधल्या. काळीपिवळीवाल्यांनी जीपच्या टपावर सवाऱ्यांच्या सामानाऐवजी जुड्या लादल्या आणि भाडं विचारलं तर रागावले. ज्यांचं स्वतःचं रोवणं बाकी होतं त्यांनीही दिले. संध्याकाळपर्यंत शाळेचं मैदान हिरवंगार झालं. एका पोराला मी विचारलं, किती जुड्या उपटल्या. तो म्हणाला, कंबर मोजत होती सर, मी नाही. मी बऱ्याच दिवसांनी हसलो.

रपट्यावरचं पाणी त्या संध्याकाळी घोट्याएवढं उतरलं होतं. सकाळी ट्रॅक्टरनं सगळं पलीकडे न्यायचं ठरलं. कोसमटोल्याचे लोक आधीच पलीकडे जाऊन बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, चिखलून तयार ठेवत होते.

सकाळी मी रेकीला नाल्यावर गेलो तर रपटा नव्हता. म्हणजे होता, पण चार-पाच फूट पाण्याखाली. वरच्या अंगाला रात्री पाऊस झाला होता, वैनगंगा परत फुगली होती आणि नाला काठोकाठ भरून गप्प उभा होता. शाळेत परत आलो आणि जुड्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आतून ऊब लागली. उपटलेला पऱ्हा ढिगात तापतो, तापला की पिवळा पडतो, पिवळा पडला की संपला. ओली पोती टाकून, जुड्या सुट्या करून आणखी एक दिवस काढता आला असता. पाणी उतरायला तीन-चार दिवस लागणार होते. तालुक्याच्या मोटरबोटी खालच्या गावांतली माणसं काढायला गेल्या होत्या. त्यांना तिकडेच राहू देणं बरोबर होतं. रोपांसाठी बोट मागायला माझी जीभ रेटली नाही.

मी पायरीवर बसलो. तेव्हा श्रावण मारबते समोर येऊन उभा राहिला.

श्रावण आमच्याच गावच्या ढिवर टोलीतला. पोटाला मासे, दुसरं काही नाही. स्वतःच्या नावावर एक गुंठा शेत नव्हतं. पुराच्या पहिल्या दिवशी त्यानं आपल्या डोंग्यातून कोसमटोल्याची माणसं आणली होती, आणि नंतर रोज सकाळी येऊन विचारायचा, आज काय जी? डोंगा म्हणजे एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेली होडी. एकटा डोंगा कलंडतो. दोन डोंगे शेजारी ठेवून त्यांवर आडवे बांबू बांधले की जोडडोंगा होतो, त्यावर बैलसुद्धा नेतात. फौजेत आम्ही बोटी जोडून राफ्ट बनवायचो, तेच हे. फरक इतकाच की आमच्याकडे त्याचं मॅन्युअल होतं.

"जोडडोंगा बांधतो," श्रावण म्हणाला. "दोन खेपात पलीकडे."

"ओढ आहे का पाण्याले?"

"आता नाई. फुगून बसलं हाय. बसलं हाय तवरिक जाऊन येऊ."

"अन् उतरायले लागलं तं?"

"तं नाई जाव," तो म्हणाला. "म्हणून म्हणतो, बोलत नोका बसू."

मी हो म्हटलं. जाणं धोक्याचं होतं आणि न जाणं म्हणजे एका गावाचं वर्ष सोडून देणं होतं. पऱ्हे जगले पाहिजेत, एवढीच त्या दिवसाची ड्यूटी होती. मी माझ्याकडून तीन गोष्टी घातल्या. डोंग्यावर आम्ही दोघंच, तिसरा कोणी नाही. दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट. आणि मल्लेश वॉकीटॉकी घेऊन नाला नदीला मिळतो त्या बांधावर. तिथे त्यानं पाण्यात बांबू रोवायचा, पाण्याच्या रेषेवर लाल चिंधी बांधायची आणि तिच्यावरून नजर हलवायची नाही. श्रावणनं जॅकेट घातलं खरं, पण पट्टे आवळताना तोंड असं केलं की जणू त्याला कोणी सासुरवाडीचा कोट घातला आहे.

डोंगे जोडताना पुढचा बांबू श्रावणनं आपल्या अंबाडीच्या दोरानं बांधला. तो तेवढ्यातच संपला. मागच्या बांबूला मल्लेशच्या बंडलातला निळा दोर घेतला. श्रावणनं तो हातातून सरकवून पाहिला. "इतका चांगला दोर माह्या बापानंबी पाह्यला नाई," तो म्हणाला. आणि बापानं शिकवलेली गाठ त्यानं त्या दोराला मारली.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल. अंबाडीचा दोर पाण्यात फुगतो. ढिवर माणूस गाठ मारताना पुढचं काम पाण्यावर सोडतो, पाणीच ती आवळतं. पिढ्यानपिढ्या ती गाठ कधी सुटली नव्हती. नायलॉन फुगत नाही. तो ओला झाला की गुळगुळीत होतो आणि हलत्या लोडखाली कणाकणानं सरकतो. दोर चांगला होता, देणाऱ्यांचं मन चांगलं होतं, गाठ चांगली होती. त्या तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. निघण्याआधी मी दोन्ही गाठी ओढून पाहिल्या. कोरड्यात त्या पक्क्या होत्या.

पहिली खेप साडेआठच्या सुमारास निघाली. मी पुढे, श्रावण मागे, मध्ये बांबूच्या ताटीवर जुड्यांचा ढीग, त्यावर ओली पोती. पाणी स्वस्थ होतं. वर कचरा, फांद्या, कोणाचं तरी प्लास्टिकचं मडकं. वल्ह्यांचा आवाज सोडून आवाज नाही. मला ती शांतता आवडली नाही. पलीकडच्या काठावर शेवंताबाई आणि साताठ बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्याच होत्या. डोंगा टेकायच्या आत त्यांनी जुड्या उचलल्या. कोणी आभार वगैरे मानले नाहीत. शेवंताबाई फक्त म्हणाल्या, "बाकीचे आधे कुठी हाय?"

"आणतो जी," श्रावण म्हणाला.

परत आलो. लोड चढवला. मी वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"मल्लेश, पाणी कुठे? ओव्हर."

"चिंधीवर हाय साब. हललं नाई. ओव्हर."

"निघतोय. ओव्हर."

आम्ही जवळजवळ मध्यावर होतो तेव्हा समोरून वाहत आलेली एक फांदी माझ्या डोंग्याच्या नाकाजवळ येऊन थांबली. मग ती वळली आणि नदीच्या दिशेनं निघाली. मी ते पाहिलं आणि वॉकीटॉकीकडे हात नेला. त्याच वेळी तो खरखरला.

"साब, चिंधी उघडी पडली. पाणी उतरून राह्यलं. जोरात. वापस या, वापस. ओव्हर."

"मध्यावर आहे. वापस नाही. पुढे काढतो. ओव्हर."

खाली कुठेतरी वैनगंगा उतरली होती आणि तिनं अडवून धरलेला सगळा नाला एकदम मोकळा सुटला होता. ओढ लागली. श्रावणनं डोंग्याचं तोंड धारेला तिरपं केलं, तेच बरोबर होतं. आम्ही दोघं वल्ह्यांवर पडलो. काठ पुढे येत होता, पण त्याहून वेगानं आम्ही खाली सरकत होतो. नदीच्या तोंडाशी जाण्याआधी काठ गाठायचा होता. पुढे गेलो असतो तर ना पऱ्हे, ना आम्ही.

तेवढ्यात मागून श्रावण ओरडला, "गाठ!"

मी वळलो. मागचा बांबू निळ्या दोरातून निसटत होता. दोन्ही डोंग्यांची मागची टोकं एकमेकांपासून फाकत चालली होती आणि मधल्या फटीतून पाणी उसळत होतं. ताटी तिरकी झाली, पाच-सहा जुड्या घसरून पाण्यात गेल्या. आणखी हातभर फाकले असते तर पुढचा दोर तुटून सगळंच उलटलं असतं.

दोर नुसता वरून बांधून चालणार नव्हतं. डोंग्याच्या पोटाखालून घेऊन वर काढायला हवा होता. त्यासाठी माणूस पाण्याखाली गेला पाहिजे. अंगात लाइफ जॅकेट असेल तर माणूस खाली जात नाही.

मी ओरडलो, "श्रावणभाऊ, नाही. जॅकेट नोका काढू. सोडून देऊ माल."

"माल कसा सोडता जी?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मी काहीतरी अडाणीपणाचं बोललो, असा तो आवाज होता. त्यानं जॅकेटचे पट्टे सोडले, ते ताटीवर टाकलं, निळ्या दोराचं एक टोक माझ्याकडे फेकलं, दुसरं दातांत धरलं आणि फटीत उतरला.

मी दोर हाताला गुंडाळून, पाय डोंग्याच्या कडेला रोवून बसलो. तो खाली गेला. एक डोंगा झाला. वर आला, श्वास घेतला, परत गेला. दुसरा डोंगा झाला. बाहेरच्या अंगाला, धार येत होती त्या बाजूला तो वर आला आणि दोराचं टोक बांबूवरून घेऊन त्यानं गाठ मारायला घेतली. मला त्याचे हात दिसत होते. त्यानं एक वेढा घेतला. दुसरा घेतला. मग थांबला, दोराकडे पाहिलं, आणि बोटानं ती गाठ चाचपून त्यावर तिसरा वेढा टाकला. बापाच्या गाठीत तो वेढा नव्हता. पाण्यात, दातओठ खात, त्या माणसानं तिथे ती गाठ नव्यानं बनवली.

"ओढा, सुभेदारभाऊ!"

मी ओढलं. फाकलेली टोकं जवळ आली. फट मिटली. वरून पळसाचं एक मोठं खोड येत होतं. ते मला दिसलं, त्याच्या पाठीमागून येत होतं म्हणून त्याला दिसलं नाही. मी ओरडलो. दोर माझ्या दोन्ही हातांत होता, आणि गाठ अजून बसायची होती. खोड त्याच्या खांद्यावर आणि मानेवर आदळलं. त्याचे हात बांबूवरून सुटले.

गाठ बसली होती. मी दोर सोडला, त्याचं जॅकेट उचलून त्याच्या दिशेनं फेकलं. ते त्याच्यापासून हातभर अंतरावर पडलं आणि दोघं सोबत वाहत गेले. मग जॅकेट दिसत राहिलं आणि तो दिसेनासा झाला.

"मल्लेश. श्रावण पाण्यात आहे. तुझ्याकडे येतोय. ओव्हर."

"साब?"

"श्रावण पाण्यात आहे. माणसं उतरव, दोर बांधून. ओव्हर."

मी वल्हं घेतलं. एकट्यानं जोडडोंगा धारेतून निघत नाही. पण तिसरा वेढा धरून राहिला, डोंगा एकसंध होता, आणि धारेनंच त्याला काठाच्या वळणात ढकललं. कोसमटोल्याचे लोक लांब बांबू घेऊन छातीभर पाण्यात शिरले होते. त्यांनी बांबू अडकवून ओढून घेतलं. मी उतरलो तेव्हा माझे तळवे सोलले होते. शेवंताबाईंनी मागचं रिकामं टोक पाहिलं. 

मल्लेश आणि त्याची माणसं कमरेला दोर बांधून नदीच्या तोंडापर्यंत गेली. ढिवर टोलीचे डोंगे उतरले. दुपारपर्यंत फक्त जॅकेट सापडलं.

कोसमटोल्यात जुड्या बांधावर पडून होत्या आणि कोणी बांधीत उतरत नव्हतं. आमच्या गावांत मयत झाली की तिची राख होईपर्यंत शेतात पाय घालत नाहीत. श्रावण त्यांच्या गावचा नव्हता, जातीचा-नात्याचा नव्हता. पण गावातली म्हातारी माणसं पिंपळाखाली बसली आणि त्यांनी ठरवलं की ही मयत आपली आहे. सापडेपर्यंत आणि राख होईपर्यंत रोवणा बंद. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटत होतं आणि त्याच वेळी संताप येत होता. मी जाऊन ढिगात हात घातला. सकाळपेक्षा ऊब वाढली होती. मी शेवंताबाईंकडे पाहिलं.

"मले काय पाह्यता जी," त्या म्हणाल्या. "मी कोणत्या तोंडानं म्हणू, रोवा म्हणून?"

मी पोती पुन्हा भिजवून जुड्यांवर टाकली.

चारच्या पुढे वॉकीटॉकी खरखरला. मल्लेश होता. "साब, श्रावणभाऊच्या वाइफ इथी आल्या हाय. कौतिकाबाई. बोलतो म्हणतात. देऊ का? ओव्हर."

मी नाही म्हणू शकलो नाही. तिला बटण दाबायचं माहीत नव्हतं, मल्लेशनं दाबून धरलं असावं.

"सुभेदारभाऊ."

"बोल, कौतिकाबाई."

"जाकीट होते न तुमच्यापाशी?"

"होतं. त्यानं काढलं. खाली जायचं होतं त्याले."

मग म्हणाली, "पऱ्हे पोचले का?"

"पोचले."

"रोवले?"

मी तिला सांगितलं. गाव थांबलं आहे, राख होईपर्यंत कोणी बांधीत उतरणार नाही, मान म्हणून. माझ्याभोवती माणसं जमली होती. सगळे त्या हातातल्या डबीकडे पाहत होते.

"मान?" तिचा आवाज फाटला. "त्यानं जीव देला अन् तुमी पऱ्हे सडवून राह्यले का? नदीचं मले नोका सांगू, मी ढिवराची पोरगी हाय. तो दोन दिवसानं सापडन नाई तं सापडन बी नाई. पऱ्हा दोन दिवस रायते का? रोवा. आत्ता रोवा. नाई तं तो गेला कायच्यासाठी, हे मले कोणीतरी येऊन सांगा."

शेवंताबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला, एक जुडी उचलली आणि बांधीत उतरल्या. त्यांच्यामागून दुसरी बाई उतरली. मग सगळ्या. रोवताना आमच्याकडे बाया गाणी म्हणतात. त्या दिवशी कोणी म्हटलं नाही. अंधार पडेस्तोवर चिखलात हात खुपसल्याचा तेवढा आवाज येत होता. मी माझ्या सोललेल्या हातांनी रोवलं आणि रोवता रोवता रडलो. चिखलात कोणाचं लक्ष नव्हतं, आणि असतं तरी मला फरक पडला नसता.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर घुग्घुसची माणसं आणि कॉलेजची पोरं रपट्यावरून पलीकडे आली आणि उरलेलं रोवणं त्यांनी केलं. मल्लेशच्या ओळी इतक्या वाकड्या होत्या की बायांनी त्याच्या बांधीला घाटरस्ता नाव ठेवलं. त्याच दुपारी श्रावण खालच्या अंगाला बाभळीत सापडला. सगळे आले. चिखलानं भरलेल्या पायांनीच आम्ही त्याला खांदा दिला.

धान आलं. फार चांगलं नाही, पण वर्ष निघालं. तेव्हापासून कोसमटोला दरवर्षी एका बांधीचं धान कौतिकाबाईच्या घरी पोचवतो. ती बांधी आळीपाळीनं बदलते, म्हणजे मान सगळ्यांना मिळतो. मल्लेश मदत पाठवायच्या आधी आता मला फोन करतो आणि म्हणतो, इंडेंट बोला साब.

आमचं एक पथक झालं आहे. दर पावसाळ्याआधी आम्ही नाल्यावर जमतो. नवीन पोरं-पोरी येतात, मी त्यांना जोडडोंगा बांधायला शिकवतो. दोर नायलॉनचाच असतो, वर्गणीतूनच येतो. दोन वेढे, आणि वर तिसरा. त्या तिसऱ्या वेढ्याला पथकात श्रावण म्हणतात. डोंगा सुटण्याआधी मी मोठ्यानं विचारतो, "श्रावण टाकला?" दोन्ही बाजूंनी "टाकला" असं उत्तर आल्याशिवाय डोंगा हलत नाही.

तरीही तो लगेच सुटत नाही. कौतिकाबाई काठावर उभी असते. ती पाण्यात उतरते, गाठीपाशी येते, दोर दोन्ही हातांत धरते आणि अंगातला सगळा जोर लावून ओढून पाहते. मग हात सोडते आणि म्हणते, "जा आता."